चाकणचा वेढा, वाकडचा खल

शायिस्ताखान १९ जून १६६० रोजी पुण्याहून निघाला आणि २१ जूनला चाकणला पोचला. हत्ती, तोफा, बाजारबुणगे आणि डोक्यावर पाऊस, एवढं लटांबर घेऊन दोन दिवस. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी अडकलेल्या माणसाला हा वेग मुळीच कमी वाटत नाही. वाकडच्या एका सोसायटीतल्या टोळक्यात असा एक माणूस आहे. चाकणच्या कारखान्यात तो क्वालिटीला आहे आणि तिथल्या किल्ल्याचा, संग्रामदुर्गाचा, वेढा टेबलावर खेळायची कल्पना त्याला कंपनीच्या बसमध्येच सुचली. बस हलत नव्हती, त्यामुळे कल्पना बरीच सविस्तर सुचली.

कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन गोष्ट खेळायचा हा प्रकार १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने रूढ केला. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि ‘जमलं की फसलं’ असा प्रश्न आला की वीस बाजूंचा फासा निकाल देतो. फाशांवर राज्य लावण्याचं आपल्याकडे महाभारतापासून कुणाला नवल नाही. फक्त इथे शकुनीलाही आधी तीनशे पानी नियम वाचावे लागतात.

भुते-राक्षस नकोत, इतिहासातलंच खेळू, इथवर एकमत झालं. पुढचा अख्खा शनिवार ‘मध्ययुग म्हणजे नक्की कधी’ यात गेला. युरोपातलं मध्ययुग १५०० च्या आसपास आवरतं. आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र शिवकालही मध्ययुगातच बसतो. गोष्ट चालवणारी आर्किटेक्ट आहे, तिला देवगिरी हवी होती. साल १२९६, अल्लाउद्दीन खिलजी दारात, रामदेवरायाची मोठी फौज मुलाबरोबर बाहेर आणि धान्य समजून किल्ल्यात चढवलेल्या गोण्यांत निघालं मीठ, अशी ती प्रसिद्ध कथा. खरं तर खेळाला याहून चांगला मालमसाला नाही. पण देवगिरी पडली ती ठेच्यावर. मिरची आली पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे यादवांच्या शिपायाच्या भाकरीवर ठेचा असणं शक्य नाही, हे कळल्यावर टोळक्यातला टेस्टिंगवाला उठून उभाच राहिला. “अगं, मग मी दोन वर्षं खेळू कशावर? मिऱ्यावर?” चाकण ठरलं.

उरला सिस्टिमचा, म्हणजे कुठल्या पुस्तकाच्या नियमांनी खेळायचं याचा प्रश्न.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची पुस्तकं सगळ्यांकडे होती आणि तिचा पूर्वज तर अस्सल मध्ययुगीनच आहे: १९७१ चे ‘चेनमेल’ हे लढायांचे नियम, ज्यांच्या शेवटी जादू आणि राक्षसांची पुरवणी जोडलेली होती. पुढे पुरवणीनेच घर बळकावलं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत माणूस रात्री आठ तास शांत झोपला की अंगातली सगळी ताकद सकाळी परत. म्हणजे बुरुजावर दुपारी गोळी खाल्लेला हवालदार उजाडताच ठणठणीत होऊन न्याहारी मागणार. अशी सोय खरोखरच असती तर खान अजून चाकणलाच बसलेला असता.

स्टीव्ह जॅक्सन गेम्सची १९८६ ची ‘गर्प्स’ कुठल्याही काळाला चालते. तिच्यात गुण विकत घ्यायचे आणि अवगुण पत्करले तर त्याचे पॉइंट परत मिळतात. हिंजवडीत अप्रेझलचा फॉर्म भरणाऱ्यांना हे एका वाचनात समजलं. पण तिच्या लढाईत एक खेळी म्हणजे एक सेकंद. टेस्टिंगवाल्याने लगेच मोबाइल काढला. २१ जून ते १५ ऑगस्ट, ५६ दिवस, म्हणजे ४८ लाख ३८ हजार ४०० खेळ्या. वेढ्यातला बराचसा काळ कुणी कुणावर तलवार उगारत नाही, हे खरं. पण आकडा ऐकल्यावर कोणी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हतं.

क्वालिटीवाल्याचा जीव जडला ‘हार्नमास्टर’वर. एन. रॉबिन क्रॉस्बी यांची ही सिस्टिमही १९८६ चीच. हिच्यात जखमांची गोळाबेरीज नाही; प्रत्येक जखमेची नोंद वेगळी. कुठे लागलं, किती खोल, कशाने, आणि नंतर पू धरला का. माणसाच्या मनगटावरचा ओरखडा असा टप्प्याटप्प्याने तपासता येतो म्हटल्यावर तो हरखून गेला. प्रयोग म्हणून एक चकमक खेळली. ती थोडक्यात आटोपली; पण तिच्यात दंडाला बाण चाटून गेलेला एक नाईक जगतो की नाही, यात उरलेली संध्याकाळ संपली. नाईक जगला. दोन खेळाडू मात्र घरी निघून गेले होते.

शेवटी सगळे आले ‘पेंड्रॅगन’पाशी, आणि इथे थांबून नीट बघण्यासारखं आहे. ग्रेग स्टॅफर्ड यांची ही सिस्टिम १९८५ ची, राजा आर्थरच्या सरदारांसाठी रचलेली. हिच्यात तलवारीइतकाच स्वभाव मोजतात. दया आणि क्रौर्य, औदार्य आणि स्वार्थ, शौर्य आणि भित्रेपणा अशा १३ जोड्या. प्रत्येक जोडीची बेरीज २०, एक वाढला की दुसरा तेवढाच उतरतो. शिवाय निष्ठेचाही आकडा. स्वामिनिष्ठा १८ असेल तर फाशावर १८ किंवा त्याखाली पडलं की माणूस टिकला. आता चाकणचा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आठवा. जेमतेम काहीशे माणसांनिशी दोन महिने भुईकोट लढवला, बुरूज उडाल्यावर नाइलाजाने किल्ला दिला, खानाने खूश होऊन चाकरी देऊ केली आणि त्याने ती नाकारली. या नकारासाठी इतर सिस्टिममध्ये कागदावर ठळक रकानाच नाही. ‘पेंड्रॅगन’मध्ये तोच मुख्य रकाना. आणि शरणागतीच्या बोलण्यात मध्यस्थ होता बुंदीचा राव भावसिंग हाडा, मोगलांकडून लढणारा राजपूत. त्याचीही निष्ठा १८ लिहायची की नाही, असं विचारून टोळक्यातल्या बँकवाल्या मित्राने सगळ्यांना गप्प केलं.

दुसरी गंमत वेळापत्रकाची. ‘पेंड्रॅगन’मध्ये साधारण वर्षाला एक मोहीम आणि मग हिवाळी फेरी: पीक किती आलं, घोडा वाचला का, घरी मूल झालं का, सरदार म्हातारा किती झाला. आर्किटेक्टने ‘हिवाळा’ खोडून ‘पावसाळा’ लिहिलं आणि काम झालं. दसऱ्याला सीमोल्लंघन, पाऊस लागला की शेतात परत; भीमथडीच्या तट्टांसाठी वेगळा तक्ता. अडचण एवढीच, की खानाने वेढा घातला तोच भर पावसात. म्हणजे नवा नियम पहिल्याच बैठकीला मोडणार.

महाराजांचं काय, हा विषय निघाला तेव्हा टेबलावर शांतता पसरली. महाराजांच्या नावाने फासा टाकायला कोणी तयार नाही आणि तो उताणा-पालथा काहीही पडू शकतो, हे तर त्याहून कोणाला ऐकवेना. उत्तर पुस्तकातच सापडलं. ‘पेंड्रॅगन’मध्येही आर्थर कोणी खेळाडू होत नाही. त्याचे सरदार व्हायचं, हुकूम घ्यायचा. महाराजांची फक्त पत्रं येतील, ती आर्किटेक्ट उभी राहून वाचेल.

दांडपट्ट्यावर मात्र भांडण पेटलं. या खेळांच्या पुस्तकांत युरोपातल्या लांब दांड्याच्या शस्त्रांची रेलचेल, पट्टा शोधून सापडेना. याला तलवारीचेच आकडे द्या, असं सुचवणाऱ्याला क्वालिटीवाल्याने उभं केलं, हातात प्लास्टिकची फूटपट्टी दिली आणि कोपरापर्यंत गुंडाळलेला टॉवेल खोबळा समजायला सांगितलं. मनगट वळतच नाही! सगळा घाव कोपर आणि खांद्यातून. वार जोरकस, आवरणं कठीण. म्हणून नियम ठरला: चुकला तर शेजारच्या दोस्तासाठीही फासा टाकायचा. फूटपट्टीने पंख्याचं एक पातं हलवलं होतंच.

एवढं सगळं जमल्यावर टेस्टिंगवाल्याला बग सापडला. चाकण निष्ठेने पडलं नाही, १४ ऑगस्टला बुरुजाखाली उडालेल्या सुरुंगाने पडलं. आणि आर्थरच्या सरदारांचं सगळं लक्ष घोड्यावर नि भाल्यावर. सुरुंगाचा नियम घरीच लिहायला लागणार. दारू भिजण्याची शक्यता किती ठेवायची? पावसाळा आहे, निम्मी तरी हवी, असं त्याचं म्हणणं.

“आणि भिजली तर?” आर्किटेक्ट म्हणाली. “चाकण पडणार नाही. खान पुण्यात लाल महालात निवांत राहायला जाईल कशावरून? मग १६६३ चं काय?”

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग क्वालिटीवाल्याने नियमांच्या वहीत पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलं: चाकण वाचलं तर वाचू द्यावं. खानाची बोटं वाचता कामा नयेत.