साहित्य बोलके आहे

छात्राध्यापक शाळेत आले की बाजारातलं थर्माकोल महागतं, असा माझा जुना संशय आहे. सरकारने २०१८ साली थर्माकोलवर बंदी आणली तेव्हा आराशीवाले आणि पत्रावळीवाले हवालदिल झाले. ज्वालामुखीवाले निवांत होते. बी.एड.च्या ज्वालामुखीला कायदा लागू होत नाही.

भूगोलाचे पाठ मिळालेली मुलं साहित्य शोधत आधी माझ्याकडे येतात. यावीतच, असं माझं मत आहे. भूगोलाच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात असते आणि तिचा गोंडा दिसेल इतका बाहेर ठेवलेला असतो. कपाटात गुंडाळीचे नकाशे, दगडांचे नमुने, एक पर्जन्यमापक आणि आपत्तींच्या कात्रणांच्या फाइली आहेत. ‘सर, नैसर्गिक आपत्तींवर काही मिळेल का?’ असं कुणी विचारलं की मी लगेच उत्तर देत नाही. चष्मा पुसतो. मग कोयनेपासून सुरुवात करतो. ११ डिसेंबर १९६७ची पहाट. तिथून किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन, विसर्जन आटोपून झोपलेली गावं. दख्खनचं पठार स्थिर आहे असं आम्ही शाळेत घोकलं होतं, ते त्या रात्री खोटं ठरलं, हे सांगताना मी आवाज मुद्दाम खाली नेतो. वाक्य दरवर्षी तेच असतं, पण आवाज खाली नेण्यात आता सफाई आली आहे. समोरची मुलगी मान डोलावते आणि विचारते, ‘सर, याची पीपीटी आहे का?’

नसते. मग ती मुलं मोबाइलवर शोधतात आणि माझ्या देखत, तीन मिनिटांत, माझ्या कपाटापेक्षा मोठं कपाट उघडतात. दीक्षावर धडे आहेत, इस्रोच्या भुवनवर उपग्रहाची चित्रं आहेत, हवामान खात्याचे नकाशे आहेत. हे सगळं ती बघतात आणि शेवटी जपानची त्सुनामी घेतात. कारण २०११ची चित्रफीत चांगली आहे. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, मध्ये अख्खा सह्याद्री. तरी आमच्या आठवीला त्सुनामीपासून बचावाचे सहा उपाय तोंडपाठ आहेत.

त्सुनामी नसेल तर ज्वालामुखी. इथे मला थोडं थांबू द्या. घरी याविषयी बोलायला मला बंदी आहे.

कृती सर्वांना ठाऊक आहे. शीतपेयाची बाटली, भोवती थर्माकोलचा डोंगर, त्याला चॉकलेटी रंग, पायथ्याशी गणपतीच्या आराशीतून उरलेली दोन झाडं आणि एक गाय. बाटलीत खाण्याचा सोडा, वरून लाल रंग कालवलेलं व्हिनेगर. फस्स! वर्ग टाळ्या वाजवतो, लाव्हा गाईला वळसा घालून हजेरीपटावर येतो आणि निरीक्षक ‘साहित्य बोलके आहे’ असा शेरा मारतात. यातून मुलं काय शिकतात? आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. हे शिकवायला आमच्याकडे विज्ञानाच्या बाई आहेत.

आणि हा खेळ ज्या इमारतीत चालतो तिच्या पायातला दगडच मुळात लाव्हा आहे! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा थर. शंकू नाही, टोक नाही, गाय तर नाहीच. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या पायऱ्या दिसतात ते हे थर. अजिंठा-वेरूळची लेणी त्यात कोरली, गड त्यावर बांधले, पाटा-वरवंटा त्याचाच. तो दगड झिजून काळी माती झाली, त्या मातीत ऊस आला, उसामागून कारखाने आले, कारखान्यांमागून निवडणुका. आमच्या जिल्ह्याचं निम्मं राजकारण हा भेगीय उद्रेकाचा लांबलेला परिणाम आहे, हा माझा सिद्धान्त मी अनेक लग्नांत मांडला आहे. थिजताना लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटचे स्फटिक वाढले. त्यातला एक माझ्या कपाटात कापसावर ठेवलेला आहे. पाहुणे आले की मी तो दाखवतो. हल्ली पाहुणे कमी येतात.

हे सारं मी एका छात्राध्यापकाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘पण सर, भेगेचं मॉडेल कसं करायचं?’

‘करायचं नाही. मुलांना दंडोबाच्या डोंगरावर न्यायचं. सगळा बसाल्ट आहे.’

‘निरीक्षकांना दम लागतो सर.’

भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे, हे सांगायचं राहिलं. तो सोडा आणायला गेला होता.

यंदा एकीने पूर घेतला. मुलगी आटपाडीकडची, तिकडे दुष्काळ घरात असतो आणि पूर पुस्तकात. तिने चीनमधल्या ह्वांग हो नदीची चित्रं छापून आणली होती आणि टाचण घोटून पाठ केलं होतं. ‘पूर म्हणजे काय?’ हा प्रस्तावनेचा प्रश्न. अपेक्षित उत्तर: नदीचे पाणी पात्राबाहेर येणे.

सांगलीत हे कुणाला विचारतात का? इथे ‘पूर आला का’ असं कुणी म्हणत नाही. ‘आयर्विनला किती?’ म्हणतात. १९२९चा तो पूल म्हणजे गावाची फूटपट्टी. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. कोयनेतून विसर्ग किती क्युसेक, अलमट्टी किती भरलं, यावर पानपट्टीवर जी चर्चा होते ती ऐकून अभियंत्यांनी वह्या काढाव्यात.

तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. ‘बाई, पाणी दारातनं येत नाही. आधी मोरीतनं येतं.’

‘छान, बस,’ म्हणून छात्राध्यापिकेने फळ्यावर हेतुकथन लिहिलं: आज आपण पूर या आपत्तीची माहिती घेणार आहोत.

मी मागच्या बाकावर होतो आणि मला खरोखर संताप आला. त्या पोरीवर नाही. अशा चौकटीत शिक्षक घडवणाऱ्या आम्हा सगळ्यांवर. नदी चढली की गटारीचं तोंड पाण्याखाली जातं आणि पाणी उलटं घरात येतं. पात्राबाहेर, काठावरून, वगैरे नंतर. तिसरीत असताना जिने हे पाहिलं, ती नववीत येऊन उभी राहून सांगते, आणि टाचणात त्याला रकाना नाही! २००५ साली पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण घरोघर भिंतीवर होती. लोकांनी २०१९ला त्या खुणेच्या वर सामान रचलं आणि निर्धास्त झाले. आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं. म्हणजे जुन्या खुणेच्याही वर तीन फुटांहून जास्त. खुणेवर विसंबलेल्या माणसांना काय सांगायचं, हा आपत्तीचा पाठ. ह्वांग होच्या काठी तो नाही.

तास संपल्यावर मी छात्राध्यापिकेला हे सगळं समजावून द्यायला गेलो, चष्मा पुसत. तिचं लक्ष नव्हतं. ती तिसऱ्या बाकावरच्या मुलीला पत्ता विचारत होती.

पुढच्या पाठाच्या टाचणात शैक्षणिक साहित्याच्या रकान्यात लिहिलं होतं: नकाशा, रंगीत खडू, आजी.

आजी आल्या, खुर्ची नको म्हणाल्या, टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. ‘आधी जनावरं सोडायची. मग कागदं. रेशनकार्ड पोटाशी बांधायचं. गॅसची टाकी बांधून ठेवायची, न्हाईतर ती तरंगत जाती. आन् पाणी उतरलं की लगीच घरात शिरायचं न्हाई. भिजलेली भिंत उन्हात पडती. फळीवर साप असतो, त्यो बी बिचारा पुरातनंच आलेला असतो.’ मुलं लिहून घेत होती. माझ्या तासाला मुलं लिहून घेतात ती मी ‘लिहून घ्या’ म्हटल्यावर.

मला राहवलं नाही. कात्रणांची फाइल घेऊन पुढे गेलो आणि आजींच्या अनुभवाला आकडेवारीची जोड देतो, म्हणालो. आजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

‘गुरुजी, तुमच्यात किती आल्तं?’

‘मी विश्रामबागला राहतो.’

‘म्हंजी न्हाईच आलं.’

‘नाही.’

‘मग बसा तुम्ही.’

मी बसलो. शेजारी निरीक्षिका बाई शेरा लिहीत होत्या: साहित्य बोलके आहे, शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट ऐकू येते, परंतु वेळेचे नियोजन नाही. हे कुणाला उद्देशून, ते त्यांनी लिहिलं नाही.

पुढचा तास माझा होता, पर्जन्याचे प्रकार. निम्मी मुलं आजींना रिक्षात बसवून द्यायला गेली होती, ती मधल्या सुट्टीनंतर आली.