हवेच्या बोटीची निगा

पूरबचावाच्या रबरी बोटीचे वैरी तीन: ऊन, उंदीर आणि ओल. अकोल्याच्या मे महिन्यात आतली हवा प्रसरण पावून जोड ताणले जातात, म्हणून थोडी हवा सोडावी. वापरानंतर गोड्या पाण्याने धुवावी, व्हॉल्व्हमधली रेती काढावी, सावलीत वाळवून, शंखजिऱ्याची पूड चोळून सैल घडी घालावी. हा झाला पुस्तकी उपाय. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे बोट पाण्यात नेऊच नये. जूनच्या रंगीत तालमीत फुगवावी, हार घालावा, फोटो काढावा, कुलूप लावावे. जुलै 2021 मध्ये मोर्णा नदीचे पाणी अकोल्यात घराघरांत शिरले; अशा वेळी बोटीला विशेष जपावे लागते. त्यासाठी कुलपाची किल्ली नदीपलीकडे राहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे ठेवावी. अशी बोट निर्लेखनापर्यंत नवीकोरी राहते.