एकांत, दुपारच्या जेवणासह

टूरच्या कार्यक्रमपत्रिकेतली ओळ अशी होती : 'दिवस चौथा. फी फी बेटांची पूर्ण दिवसाची सफर. निळंशार पाणी, पांढरीशुभ्र वाळू आणि जगाच्या गजबजाटापासून दूर असा निवांत किनारा (दुपारच्या जेवणासह).' यातला कंसातला मजकूर तेवढा शब्दशः खरा निघतो. बाकीचं ललित वाङ्मय.

नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांसाठी व्हिसाची अट काढून टाकली. तेव्हापासून ठाणे-डोंबिवली-कोथरूड पट्ट्यातला माणूस 'जरा फुकेतला जाऊन आलो' हे वाक्य पूर्वी 'जरा महाबळेश्वरला' म्हणायचा त्याच सुरात म्हणू लागला आहे. दिवाळीची सुट्टी तर त्याला फारच सोयीची. तिथला पाऊसही आपल्यासारखाच नैर्ऋत्येचा. तो ओसरला की अंदमान समुद्र शांत होतो आणि त्याच सुमारास आपले बोनस जमा होतात.

निवांतपणा गाठायचा तर पहाटे उठावं लागतं. घरी सकाळी चालायला जा म्हणून ज्यांना डॉक्टरांनी तीनदा दम भरला ते सगळे साडेपाचच्या वेक-अप कॉलला आंघोळी उरकून तयार होते. थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास, म्हणजे डोंबिवलीत तेव्हा चार वाजले होते. हा हिशेब एका काकांनी नाश्त्याच्या टेबलावर मांडला आणि पोह्यांची प्लेट पुढे ओढताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर त्यागाचं तेज पसरलं.

धक्क्यावर पोचल्यावर माणसाचं नाव जातं आणि रंग उरतो. छातीवर स्टिकर चिकटवतात. आम्ही निळे. शेजारी हिरवे, पलीकडे केशरी, मागे दोन प्रकारचे पिवळे. जगाच्या गजबजाटापासून दूर जाऊ इच्छिणारी काही शे माणसं एका मांडवाखाली बिस्किटं खात उभी. उलटी होऊ नये म्हणून गोळी वाटत होते. ती घ्यावी की न घ्यावी यावर निळ्यांत दोन तट पडले, तेव्हा एका काकूंनी पर्समधून आलेपाकाच्या वड्या काढल्या आणि हिरव्यांतल्या एका रशियन बाईलाही दिली. मग चपला-बूट एका मोठ्या टोपलीत जमा करायचे, कारण बोटीवर अनवाणीच जायचं. देवळात जाताना चपलेवरून जीव कासावीस होणारा आपला समाज इथे मुकाट्याने ब्रँडेड बूट टोपलीत टाकतो. फक्त एक गृहस्थ शेवटपर्यंत टोपलीशेजारी उभे होते. आणि हे सगळं चालू असताना एक मुलगा हसत हसत प्रत्येक कुटुंबाचा फोटो काढत होता. फुकट काढतोय म्हणून आम्हीही हसलो.

लाइफ जॅकेट घालण्यावरून थोडी कुरकुर झाली. त्या केशरी पिशवीखाली खास या दिवसासाठी घेतलेला फुलाफुलांचा शर्ट झाकला जात होता. 'अहो, दोन मिनिटं काढतो, एक फोटो होऊ दे,' वगैरे. थाई गाइड मुलगी आतापर्यंत 'नमस्ते, चलो चलो' करत होती. तिचा आवाज एकदम बदलला. सगळ्यांचे पट्टे आवळले गेल्याशिवाय बोट हलणार नाही, विषय संपला. जुलै २०१८ मध्ये याच फुकेतजवळ 'फीनिक्स' नावाची पर्यटकांची बोट वादळात उलटली आणि ४७ चिनी पर्यटक बुडाले. ही आठवण धक्क्यावर कुणी काढत नाही. पट्टे मात्र ओढून बघतात. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाला निघालेली 'नीलकमल' बुडाली, त्यानंतर गेटवेला काही दिवस असेच पट्टे आवळले जात होते म्हणे.

स्पीडबोटीत पुढे बसायचं की मागे, हा प्रश्न वरकरणी साधा आहे. पुढे वारा आणि फोटो, मागे इंजिनाचा आवाज आणि डिझेलचा वास. 'ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी पुढे बसू नये,' हे टूर मॅनेजरने मराठीत, हिंदीत आणि हातवारे करून सांगितलं. पाठीचा त्रास असलेल्या सगळ्यांनी धावत जाऊन पुढच्या जागा धरल्या. पहिली मोठी लाट आली तेव्हा बोट हवेत गेली आणि पुढची मंडळी तिच्याहून वर गेली. बोट आधी खाली आली. साधारण तासभर हा कार्यक्रम चालला. 'निळंशार पाणी' त्या वेळात भरपूर होतं, पण डोळे उघडे ठेवून ते पाहणारी फक्त शाळकरी पोरं होती आणि ती 'अजून जोरात!' असं ओरडत होती.

मग आला माया बे, ज्याच्यासाठी हा सारा अट्टहास. फी फी ले या निर्मनुष्य बेटावरचा हा छोटा किनारा तीन बाजूंनी चुनखडीच्या सरळसोट कड्यांनी वेढलेला आहे. लिओनार्डो डिकॅप्रिओचा 'द बीच' हा चित्रपट इथे चित्रित झाला आणि २००० मध्ये पडद्यावर आला. मूळ कादंबरी ॲलेक्स गारलंडची, १९९६ ची. गोष्ट अशी की काही तरुणांना जगाला ठाऊक नसलेला एक किनारा सापडतो आणि तो कुणाला सांगायचा नाही असं ठरतं. कुणाला तरी सांगितलं जातं आणि सगळ्याचा विचका होतो. कुणाला सांगू नका, हे जगभरच्या थिएटरांतून कोट्यवधी लोकांना सांगण्यात आलं. लोकांनी ते मनावर घेतलं आणि तिकिटं काढली.

मुळात तो किनारा सिनेमावाल्यांनाही जसा होता तसा चालला नव्हता. उष्णकटिबंधातल्या स्वप्नात असावीत तेवढी नारळाची झाडं तिथे नव्हती, म्हणून त्यांनी ती आणून लावली आणि वाळूचे ढिगारे सपाट केले. त्यावरून घातलेला खटला वीस वर्षांहून जास्त चालला. न्यायव्यवस्थेच्या बाबतीत थायलंड परका देश वाटत नाही तो असा.

चित्रपटानंतर पर्यटक वाढत वाढत दिवसाला पाच हजारांच्या घरात गेले. सगळ्यांना तोच एक एकांत हवा होता आणि तोही सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत. बोटींच्या नांगरांनी प्रवाळ तुटलं, सनस्क्रीनच्या तेलाचा तवंग आला. अखेर जून २०१८ मध्ये सरकारने माया बे बंद केला. चार महिन्यांसाठी, असं तेव्हा सांगण्यात आलं होतं. पण सोसायटीच्या पुनर्विकासात मुदतीचं जे होतं तेच इथे झालं. चार महिने म्हणता म्हणता जानेवारी २०२२ उजाडला. फरक एवढाच की या प्रकल्पात मूळ रहिवाशांना पहिल्यांदा ताबा मिळाला. माणसं गेल्यावर काही महिन्यांतच परांची टोकं काळी असलेले छोटे शार्क उथळ पाण्यात परत आले. ना कॉर्पस फंड, ना भाडं, ना बिल्डरच्या ऑफिसच्या चकरा. आपल्या मुशीचं हे जरा वरच्या घराण्यातलं नातलग. तसं कळल्यावर निळ्या गटातल्या मालवणकडच्या एका गृहस्थांनी पाण्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिला पर्यावरणप्रेम म्हणता येणार नाही.

आता तिथे बोट थेट किनाऱ्याला लावता येत नाही. बेटाच्या मागच्या बाजूला लोह समाह नावाच्या खाडीत तरंगता धक्का आहे, तिथे उतरायचं आणि झाडीतल्या लाकडी पायवाटेने किनाऱ्यावर यायचं. किनारा पुन्हा उघडला तेव्हा एका तासाच्या फेरीला ३७५ माणसांची मर्यादा घातली होती. राष्ट्रीय उद्यान असल्याने परदेशी प्रौढांना ४०० बाट शुल्क. कार्यक्रमपत्रिकेत याचाही उल्लेख होता, पण तो शेवटच्या पानावर, 'समाविष्ट नसलेल्या बाबी'मध्ये, विमानतळावरच्या हमालीच्या खाली.

आणि किनाऱ्यावर पोचल्यावर? पोहायचं नाही. गुडघाभर पाण्यापर्यंत जायला परवानगी. गुडघा ओलांडला की उद्यानाचा कर्मचारी शिट्टी वाजवतो. गुडघा कुणाचा, यावरून वाद झाला. साडेपाच फुटी जावयाचा गुडघा आणि सासूबाईंचा गुडघा यांत समुद्राला फार फरक पडत नाही, शिट्टीला पडतो. सनस्क्रीनवरही नियम. प्रवाळाला घातक रसायनं असलेली सनस्क्रीन ऑगस्ट २०२१ पासून थायलंडच्या सागरी उद्यानांत चालत नाहीत, दंड एक लाख बाटपर्यंत. हे ऐकून आलेपाकवाल्या काकूंनी पर्समधून खोबरेलाची बाटली काढली आणि सगळ्या कुटुंबाला चोपडली. त्यावर अजून कुणी बंदी आणलेली नाही.

मी त्या गर्दीतही वर मान करून पाहिलं. कडे खरोखर तसे आहेत. काळे, करडे, मध्येच गंज चढल्यासारखे, कपारीत झाडं लटकलेली आणि खाली पाण्याचा हिरवा असा की शेजारची बाई बोलायची थांबावी. ती थांबलीही, मग म्हणाली, 'अहो, जरा सरका, फ्रेममध्ये येताय.' माझ्यामागे आणखी ३७४ माणसं होती. प्रत्येक जण दुसऱ्याला फ्रेमबाहेर ढकलत आपापला निर्मनुष्य किनारा टिपत होता. ज्यांना जमलं नाही ते म्हणाले, घरी जाऊन ॲपमध्ये माणसं पुसून टाकू.

पुढचं सगळं झपाट्याने उरकलं. व्हायकिंग केव्ह लांबूनच. तिथे पाकोळ्यांची घरटी काढतात. पाकोळी ती लाळेपासून बांधते आणि चिनी मंडळी त्यांचं महागडं सूप पितात. यांच्या चुलत बहिणी आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरही घरटी बांधतात, आणि तिथूनही ती चोरीला गेलेली आहेत. मग मंकी बीच. माथेरानला माकडांनी ज्यांच्या हातातला वेफर्सचा पुडा पळवला होता त्यांनी इथे माकडं बघायला पैसे मोजले. स्नॉर्केलिंग झालं. मासे दिसले, एका आजोबांना कवळी काढून ठेवावी लागली.

जेवण फी फी डॉनवर. 'व्हेज' म्हणून जे सांगितलं जातं त्यात फिश सॉस असू शकतो, कारण थाई स्वयंपाकात तो मिठासारखा पडतो. शाकाहारी मंडळींनी पांढरा भात, कलिंगड आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी यांवर भागवलं. मासे खाणारेही खूश नव्हते : कोकम नाही, तिरफळ नाही, याला काय मासे म्हणायचं! जेवणाच्या जागेजवळ त्सुनामी आल्यास कुठे पळायचं ते दाखवणारी निळी पाटी होती. उसळती लाट आणि डोंगराकडे धावणारा माणूस. २६ डिसेंबर २००४ ला या बेटाच्या चिंचोळ्या कमरेवर दोन्ही बाजूंच्या उपसागरांतून पाणी आलं होतं. त्या पाटीशेजारी धावण्याची पोझ घेऊन दोघांनी रील केलं.

टोन साई बंदरात लांब शेपटीच्या लाकडी होड्या उभ्या होत्या. नाळेला रंगीत फडकी आणि फुलांच्या माळा, कारण त्या ठिकाणी होडीची देवता, माए या नांग, वसते असं नाखवे मानतात. काकूंना ते सांगावं लागलं नाही. नारळी पौर्णिमेच्या देशातली बाई, माळ दिसताच हात जोडून मोकळी. त्याच नाळेवर चढून, हात पसरून, 'टायटॅनिक'सारखं उभं राहायचं एका तरुणाच्या मनात होतं. डिकॅप्रिओचाच मुलूख म्हटल्यावर! नाखव्याने त्याला बखोट धरून खाली उतरवलं. काकूंनी त्याला मराठीत जे सुनावलं ते नाखव्याला पूर्ण कळलं असावं, कारण तो मान डोलावत होता.

परत आलो तेव्हा धक्क्यावर टेबल मांडलेलं. त्यावर चिनी मातीच्या प्लेट्स ओळीने, आणि प्रत्येक प्लेटच्या मधोमध आमचे सकाळचे हसरे चेहरे, भोवती नारळाची झाडं आणि 'फी फी आयलंड' अशी सोनेरी अक्षरं. सकाळचा तोच मुलगा, तेच हसू. भाव सांगितला. काकांनी निम्म्यावर आणला. बाकीच्यांनी नको म्हटलं, मग चार पावलं गेल्यावर मागे वळून पाहिलं. आपला चेहरा परमुलखात विकायला ठेवलाय आणि त्याला गिऱ्हाईक आपणच एकटे, ही भावना फार वेळ सोसत नाही. बहुतेकांनी घेतल्या. न विकल्या गेलेल्या एका प्लेटवरचं केशरी गटातलं जोडपं मात्र आमची बस सुटेपर्यंत तसंच हसत होतं.

बसमध्ये अर्धे झोपले. टूर मॅनेजर बिचारा माइक हातात घेऊन कर्तव्य म्हणून सांगत होता की, दरवर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर माया बे पूर्ण बंद ठेवतात, किनाऱ्याला विश्रांती मिळावी म्हणून. त्या दोन महिन्यांत एकाही पर्यटकाला पाय ठेवता येत नाही.

मागच्या सीटवरून काकांचा आवाज आला, 'म्हणजे तेव्हा गर्दी अजिबात नसणार. तेव्हाचे रेट काय आहेत?'