झेंड्याचे पैसे वेगळे

गोंदिया जिल्ह्यात बोनसची वाट दोघं पाहतात. एक धानवाला, दुसरा डीएलसीवाला.

धानवाल्याला बोनस मिळतो. २०२४-२५ च्या खरिपासाठी हेक्टरी २० हजार, तोही दोन हेक्टरपर्यंतच. डीएलसीवाल्याला बोनस द्यावा लागतो, आणि त्याला मर्यादा नाही.

तरी जास्त खूश कोण? डीएलसीवाला.

ज्यांच्या घरात हा प्रकार अजून शिरलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. संगणकावर लढायांचे नि राज्यकारभाराचे खेळ असतात. एकदा विकत घेतला की विषय संपला, असं वडील समजतात. कंपनी तसं समजत नाही. दर काही महिन्यांनी ती जोडभाग, म्हणजेच डीएलसी, काढते. चार नवी घराणी, दोन नवे हत्ती, एखादं नवं खातं, आणि पैसे वेगळे. तुमचं साम्राज्य अपुरं आहे, ही आठवण औरंगजेबालाही कोणी इतक्या नेमानं करून दिली नसेल.

मग पोरगा विचारतो, "बाबा, घेऊ का?"

बाबा विचारतात, "कायले पाहिजे रे?"

दोघंही विचारायचं म्हणून विचारतात. माल कार्टात सकाळीच पडलेला असतो.

'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग आला १९९९ मध्ये. त्याच वर्षी १ मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. खेळाला पंचविशी उलटल्यावरही नवे जोडभाग येत आहेत. जिल्ह्यातल्या तालुक्यांचा आकडा आठवर थांबलाय.

इथल्या किती पोरांनी तो खेळ सायबर कॅफेत, कुणाच्या तरी कॉपी केलेल्या सीडीवर शिकला, ते विचारू नका. तेव्हा 'पैसा वसूल आहे का' हा प्रश्न कुणालाच पडत नव्हता. चोरीच्या मालाची समीक्षा कोण करतो?

आता पडतो. कारण आता कंपन्यांना आपला झेंडा सापडलाय.

२०१४ मध्ये 'क्रुसेडर किंग्ज २' या खेळाला 'राजाज ऑफ इंडिया' नावाचा जोडभाग आला. गंमत पाहा. हिंदुस्थानचा नकाशा सगळ्यांना फुकट मिळाला. बघा, फिरवा, मोठा करा. पण तिथला राजा होऊन खेळायचं म्हटलं, की जोडभाग विकत घ्या. देश दाखवायचे पैसे नाहीत, गादीचे आहेत. यात नवीन काय, असं विचारणारा माणूस नक्की कधीतरी निवडणुकीला उभा राहिलेला असणार.

२०१९ मध्ये हाच मूळ खेळ चक्क फुकट झाला. जोडभाग? ते विकतच.

आणि २०२० मध्ये 'क्रुसेडर किंग्ज ३' आला तो हिंदुस्थान पोटात घेऊनच. राजे, गाद्या, सगळं मूळ किमतीत. सहा वर्षं गप्प बसलेल्याला जे सहज मिळालं, त्याचे घाई करणाऱ्यानं जादा पैसे मोजले होते. पण थांबणाऱ्याचं कौतुक कुठं वाचलंय? थांबणारा शेरे लिहीत नाही.

मराठ्यांचं काय, असा प्रश्न एव्हाना आलाच असेल. 'एम्पायर: टोटल वॉर', साल २००९. डाव सुरू होतो १७०० मध्ये. याच वर्षी सिंहगडावर राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली. मराठे मूळ खेळातच होते, निराळा पैसा नाही. पोरं हरखली. २००९ च्याच ऑक्टोबरात जोडभाग आला. कशाचा? अमेरिकेतल्या इरोक्वॉय आणि चेरोकींचा.

साताऱ्यावर जीव टाकून खेळणाऱ्यानं आता चेरोकी व्हायला पैसे द्यायचे. दिलेही असतील. संच अपुरा राहू नये म्हणून माणूस काय घेत नाही?

आपला झेंडा असला तरी आत काय निघेल, त्याची खात्री नाहीच. 'एज ऑफ एम्पायर्स ३'चा २००७ मधला 'एशियन डायनेस्टीज' घ्या. त्यात भारतीय आहेत. त्यांचे म्होरके दोन ब्राह्मण, दोघंही हत्तीवर. इतर बहुतेकांचा गावकरी तयार होतो धान्य खर्चून. भारतीयांचा गावकरी लाकूड खर्चून.

नवेगाव-नागझिऱ्यात हा खेळ वनविभागाला दाखवला होता का?

पण तिरकस लिहायचं म्हणून खोटं लिहायचं नाही. २०२२ च्या एप्रिलात 'एज ऑफ एम्पायर्स २'ला आलेला 'डायनेस्टीज ऑफ इंडिया' पैसे उकळायला काढलेला नव्हता. त्याआधी काश्मीर ते कन्याकुमारी सगळ्यांना मिळून एकच 'भारतीय' होते. त्यांचे हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली असे चार झाले. नुसती नावं नाहीत, डाव बदलला. गुर्जरांची मेंढरं गिरणीत कोंडली की धान्य येत राहतं. द्रविडांना नि बंगाल्यांना भारी घोडदळच नाही, त्यामुळं हातात बसलेली सवय मोडून नव्यानं विचार करावा लागतो. सोबत बाबर, राजेंद्र चोळ आणि देवपाल यांच्या मोहिमा. किंमत दहा डॉलरच्या आत. असा जोडभाग घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

ठेवीन ती दुसऱ्या एका गोष्टीला. तुम्ही तो घेतला नाही, तरी समोरच्यानं घेतलेला चालतो. म्हणजे न घेतलेल्या हत्तीखाली चिरडलं जाण्याची सोय आहे, आणि ती मोफत आहे. याहून हुशार जाहिरात कोणी केली असेल तर कळवा.

(मराठे त्यात नाहीत. खेळाचा काळ मध्ययुगाचा. त्यावर चिडलेल्यांनी आधी सनावळी तपासावी, मग भावना.)

आता पैशाकडं वळू. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' हा थेट १४४४ ते १८२१ खेळवणारा खेळ. त्याचा २०१८ चा 'धर्मा' हा भारतावरचा जोडभाग वीस डॉलरला होता. आपल्याकडं दर वेगळा लागतो, पण डॉलरचाच हिशेब धरला तर साध्या धानाच्या २०२५-२६ मधल्या २,३६९ रुपये हमीभावानं पाऊण क्विंटलच्या आसपास धान झालं. एवढ्या धानात मिळालं काय? नव्या मोहिमा, व्यापारी कंपन्यांचे नवे डावपेच. आणि भारताचा सुधारलेला नकाशा? तो त्याच सुमारास सगळ्यांना फुकट वाटला गेला.

जोडभाग येतो तेव्हा त्याच्या शेजारीच एक मोफत पॅच उतरतो. त्यात काय आहे, ते वाचायला पाच मिनिटं लागतात. जोडभागाची झलक दोन मिनिटांची असते, शिवाय तिला नगारे असतात. कोण जिंकणार?

आणि हो, त्या नकाशात गोंडवाना आहे. गोंदिया शोधत बसू नका. आपलं शहर मोठं झालं ते रेल्वे आल्यावर. १४४४ मध्ये जंक्शन नव्हतं. प्रतापगडही शोधू नका. कुठल्या खेळात सापडलाच, तर तो अफजलखानाचा असेल. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, महाशिवरात्रीला महादेवाची जत्रा आणि शेजारी ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गा असलेला प्रतापगड कुठली कंपनी घेणार? तिथं दोन्हीकडचे लोक एकत्र जमतात. असल्या गडाचा युद्धखेळ होत नाही.

थांबा, होतही असेल. अमेरिकेतल्या 'जीएमटी' कंपनीनं २०१९ मध्ये बंडखोरीवरच्या युद्धखेळांच्या मालिकेत 'गांधी' नावाचा पटावरचा खेळ काढलाच. अहिंसेचे डावपेच, सोंगट्यांसह. सेवाग्रामला सांगायला नको.

भारत नावाला भुलू नका म्हणावं, तर नुसत्या भव्य नावालाही भुलायचं नसतं. याच 'युरोपा'चा 'लेव्हायथन' २७ एप्रिल २०२१ ला आला. इतका अर्धाकच्चा, की स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात तोवरचे सर्वांत वाईट शेरे त्याच्या नावे जमा झाले. स्टुडिओच्या प्रमुखानं जाहीर माफी मागितली. माफीचा आकार मोठा होता. पण नोंदणी करून पहिल्याच दिवशी घेणाऱ्यांनी पैसे मोजून कंपनीची चाचणी करून दिली, त्या मजुरीचं काय?

रिफंड आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि त्यानंतर मूळ खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर. दोन तास! असल्या खेळात दोन तासांत माणूस फक्त नकाशा लहानमोठा करतो आणि कर्ज कसं फेडायचं ते शोधतो. त्यातही मध्येच लाइट गेली तर? तिरोड्यात ३,३०० मेगावॉटचा वीज प्रकल्प उभा आहे. म्हणून घरचा यूपीएस विकून टाकलेला कोणी ऐकिवात आहे?

मग घ्यावा की नाही?

ज्यानं मूळ खेळ पुरा चोळून काढलाय, त्याला हा प्रश्न पडत नाही. कुठलं कुलूप कुठं अडतंय नि किल्ली कुठल्या जोडभागात आहे, ते त्याला माहीत असतं. तो सेलपर्यंत थांबतो आणि घेतो. प्रश्न पडतो तो ज्याचा पहिला डाव अजून १४६० मध्ये अडकलाय त्याला. त्याला नवी चार घराणी हवीत. जुनं एक त्यानं बहामनींपुढं गमावलंय, ती गोष्ट वेगळी.

आणि मुलाला नाही म्हणणाऱ्या बाबांनी फार ताठ होऊ नये. मोबाइलचं रिचार्ज संपायच्या आत दुसरं मारणारे, डाटा उरलेला असताना आणखी डाटा घेणारे तेच आहेत.

'युरोपा'च्या कंपनीनं जोडभागांच्या खर्चावर तोडगाही काढला. चौथ्या भागाचे जोडभाग इतके झाले, की नव्या माणसाला एकूण बेरीज पाहूनच घाम फुटायचा. म्हणून २०२१ मध्ये महिन्याला पाच डॉलर भाड्यानं सगळे वापरा, अशी सोय केली. आधी डोंगर उभा करायचा, मग डोलीवाले ठेवायचे. धंदा याला म्हणतात.

एवढ्यावर गाडी थांबेल असं ज्यांना वाटलं, त्यांच्यासाठी ४ नोव्हेंबर २०२५ रोजी 'युरोपा युनिव्हर्सालिस ५' आला. चौथ्यासाठी बारा वर्षं जमवलेले जोडभाग त्यात चालत नाहीत. पाचव्याचे पहिले तीन मात्र तयार व्हायच्या आधीच महागड्या आवृत्तीत विकायला काढले. तिन्हींचा रोख कॉन्स्टॅन्टिनोपल, जिब्राल्टर आणि स्कॉटलंडकडं. हिंदुस्थानचा नंबर लागायचाय. तोवर आपली पोरं स्कॉटलंडचा उद्धार करतील.

नवा डाव १३३७ पासून सुरू होतो. दिल्लीच्या तख्तावर मुहम्मद बिन तुघलक, तोही मूळ किमतीतच. राजधानी देवगिरीला हलवायचे वेगळे पैसे अजून कोणी लावलेले नाहीत.