आवक-जावकचे आप्पा

खानदेशातल्या कचेरीत नव्याने रुजू झालेला पोरगा साहेबांना घाबरतो. घाबरायचं असतं ते दाराजवळच्या टेबलामागे बसणाऱ्या आप्पांना. त्यांची निम्मी नोकरी धुळ्यात गेली, निम्मी जळगावात. धुळ्यात असताना ते जळगावच्या भरिताची आठवण काढायचे आणि जळगावात आल्यावर धुळ्याच्या हवेची. (मे महिन्यात दोन्हीकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्यात डावं-उजवं काय करायचं, ते आप्पाच जाणोत.)

आप्पा शिकवत नाहीत, परत पाठवतात. पोरगा टिपणी घेऊन आला की चष्मा कपाळावर सरकवून, पाचशेची नोट तपासावी तसा ते कागद उजेडात धरतात.

"हाऊ कागद कथाईन उना?"

"साहेबांनी करायला सांगितलं, आप्पा."

"तोंडी?"

"हो."

"मग सहीपण तोंडीच घेऊन ये."

पोरगा उभाच. मग जरा नरम आवाजात, "भाऊ, साहेब तीन वर्षांनी बदलून जातील. खाली आद्याक्षरी तुझी आहे."

मसुद्यात काना-मात्रा चुकली की आप्पा थेट तुरुंगात नेतात. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. "अठरा अध्याय उतरवले त्यांनी! आणि तुला चार ओळींचं स्मरणपत्र जमेना?" त्यावर, तिथे मध्येच फोन वाजत नव्हता, असं एकाने पुटपुटून पाहिलं. त्याला महिनाभर जुन्या नस्त्या शिवायला बसवलं.

पोच घेण्याबद्दल तर त्यांच्याकडे इतिहासच तयार असतो. 1906 पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, मुख्यालय धुळे. त्या साली पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी झाली आणि जळगावला स्वतःचं मुख्यालय मिळालं. "तेव्हा धुळ्याहून निघालेलं एक पत्र अजून पारोळ्याच्या पुढे आलेलं नाही," आप्पा गंभीर चेहऱ्याने सांगतात. "पोच नव्हती घेतली." 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळं झालं, तेव्हा ते म्हणे आठवडाभर जेवले नव्हते.

पण आप्पा मला खरे कळले ते केळ्यांच्या दिवशी. रावेरकडचा एक शेतकरी, काम झालं म्हणून, केळीची फणी टेबलावर ठेवून निघाला. नव्या पोराचे डोळे चमकले. आप्पांनी शेतकऱ्याला हाताला धरून बसवलं, पहिलं केळं त्यालाच सोलून दिलं, मग शिपायापासून साहेबांपर्यंत एकेक वाटलं. स्वतःला उरलं नाही. "घरी नेलं असतं तर पुढच्या खेपेला घड आला असता," एवढंच म्हणाले आणि सालं टोपलीत टाकली. नोकरीतल्या नीतीवर याहून लांब व्याख्यान त्यांनी कधी दिलं नाही. प्रशिक्षणवर्गात हाच विषय दोन तास चालतो आणि शेवटी चहा मिळतो.

माणूस उदार, पण टाचण्यांच्या बाबतीत महाकंजूस. आलेल्या टपालाची टाचणी काढून ते तपकिरीच्या जुन्या डबीत टाकतात आणि जावक कागदाला ज्याची त्याने आणावी अशी अपेक्षा ठेवतात. तेव्हा रुजू होणाऱ्यांनो, साहेब कोण हे सावकाश कळेल. आवक-जावकला कोण बसतं ते आधी विचारा, आणि पहिल्याच दिवशी त्याच्याकडे टाचणी मागू नका.