सतरा सीटर रॉक

भाच्याच्या बँडचा नवा अल्बम आला त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला. "दादा, तू रिटायर झालायस, तुला पाठीचा त्रास नाही आणि तुला कन्नड येतं." यातलं कन्नड म्हणजे हुबळीच्या बदलीत जमवलेली 'ऊटा आयता' आणि 'एष्टु' एवढीच पुंजी. पण बहिणीने ठरवलं म्हणजे ठरलं. ठाणे, पुणे, बंगळुरू असा दौरा होता आणि गाडीवाल्याने पोरांचे केस पाहून "एखादं जबाबदार माणूस बरोबर असू द्या" अशी अट घातली होती.

विमानात गिटार कोणालाच नको असते. वरच्या कप्प्यात ती मावत नाही. खाली सामानात टाकली तर उतरल्यावर तिची मान मोडलेली मिळेल या धास्तीने वाजवणाऱ्याची मान आखडते. तिच्यासाठी वेगळं तिकीट काढलं असतं तर गिटार खिडकीशी बसली असती आणि ड्रमर ठाण्यात राहिला असता, एवढंच बजेट. म्हणून सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर. चार कलावंत, एक साउंड इंजिनिअर, मी आणि ड्रायव्हर अशी माणसं सात. बाकीच्या सगळ्या सीटांवर सामान ऐसपैस बसलेलं. ड्रमरने ड्रम आणलेच नव्हते. ते ज्या त्या ठिकाणी मिळतात म्हणे. आपण फक्त स्नेअर, पायाचं पेडल आणि झांजा न्यायच्या. या 'फक्त'ला तीन सीटा लागल्या. उरलेल्या टीचभर जागेत मी.

अल्बमचा विषय शहरी एकटेपणा. नऊच्या नऊ गाण्यांत कोणी ना कोणी खोलीत एकटं बसलेलं आहे. ती गाणी करणाऱ्या चौघांना दौऱ्यात एकटेपणा औषधालाही मिळाला नाही. आंघोळीला गेलं तरी बाहेरून दार वाजत होतं.

नाटकाचे दौरे मी जवळून पाहिलेत, त्यामुळे मला हे सगळं ओळखीचं वाटलं. तीच रात्रीची गाडी, तेच अवेळी जेवण, नाईटचे, म्हणजे दर प्रयोगाचे, पैसे कधी मिळणार ही तीच कुजबुज. ट्रंकांच्या जागी फ्लाइट केस, म्हणजे विमानाचं नाव लावून जन्मभर टेम्पोत फिरणाऱ्या पेट्या. फरक घंटेचा. नाटकाची तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो. इथे पोस्टरवर आठ लिहिलेलं असलं की साडेनऊ वाचायचं. मधल्या वेळात साउंडचेक. ड्रमर पायाचा ड्रम एकदा वाजवतो, हॉलच्या दुसऱ्या टोकाहून इंजिनिअर म्हणतो, "अजून." धप्. "अजून." धप्. एवढ्या वेळात आमच्या वेळचे गवई तानपुरा जुळवून, पान खाऊन विलंबितात शिरले असते.

ठाण्यात एकाने मागून ओरडून ब्रायन अॅडम्सची फर्माईश केली. भाच्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने श्राद्धाला केक मागितला. मला त्या फर्माईश करणाऱ्याची कीव आली, कारण तो माझ्या पिढीचा होता. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' भरू लागला तेव्हा बहुतेक बँड परदेशी गाणी वाजवायचे, आणि जो जास्त हुबेहूब तो जास्त मोठा. त्या काळात 'रॉक मशीन'ने स्वतःची गाणी करून १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनिगेड' काढला, याचं केवढं अप्रूप होतं! हेच पुढे 'इंडस क्रीड' झाले. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, जवळच इस्पितळ आणि कोर्ट. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि ते गप्प झालं. आता बँड बंद दारांच्या आत वाजवतात आणि फर्माईश केली की रागावतात.

पुण्याचा कार्यक्रम मुंढव्याकडच्या एका पबात होता. बोली अशी, की दारावर जी तिकिटं खपतील त्यातला ठरलेला वाटा बँडला. म्हणजे गेस्ट लिस्ट वाढली की वाटा आटतो. आणि पुण्यात नातेवाईक! भाच्याची आत्या सदाशिव पेठेतून सहा मैत्रिणी घेऊन आली.

"खुर्च्या कुठायत?"

"आत्या, इथे उभं राहूनच ऐकतात."

"मग तिकीट कशाचं घेता?"

तिने तिकीट घेतलं नव्हतं, पण प्रश्न रास्त होता. सबंध पबात रिकामी खुर्ची एकच, टी-शर्टच्या टेबलामागची. आत्या तिथे बसली आणि दौऱ्याचं अर्थकारण पालटलं. टी-शर्ट काळे, छातीवर बँडचं नाव काटेरी झुडपासारख्या अक्षरांत. एका पोराने नाव वाचायचा प्रयत्न केला. "ते राहू दे, मलाही वाचता येत नाही," आत्या म्हणाली, "कापड बघ. मळखाऊ आहे, आटत नाही."

"दोन घेतले तर काही कमी?"

"दोन घेतले तर दोनाचे पैसे."

शेवटचं गाणं संपेपर्यंत मिडीयम आणि लार्ज साफ. दोन डबल एक्सेल उरले, ते तिने मैत्रिणींच्या गळ्यात मारले. त्या रात्री दारावरच्या वाट्यापेक्षा टेबलावरची रक्कम मोठी निघाली आणि बेसवाल्याने आत्याला वाकून नमस्कार केला. कानांत दोन-दोन बाळ्या घातलेलं पोर वाकताना पाहून ती विरघळली आणि बरोबर चकलीचा डबा दिला.

चकली खंबाटकीच्या घाटात संपली. मग बँडने ऑनलाइन आकडे पाहायला घेतले. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा, की बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचा छदामही मिळत नाही. सातवं गाणं नऊशेच्या आसपास अडकलं होतं. ड्रमरची आजी हरिपाठानंतर ते रोज लावते, पण एकाच आजीने भागत नाही, निरनिराळे कान लागतात. सगळ्यांनी आपापल्या नातेवाइकांच्या कानांची मोजदाद केली. मग कोणीतरी म्हणालं, ड्रायव्हरकाका?

ड्रायव्हरकाका ठाण्यापासून आपल्या मोबाइलवर आनंद शिंदे लावून बसले होते. अल्बम लावायला त्यांनी नाही म्हटलं नाही. सातवं गाणं त्यांनी साताऱ्याचा फाटा जाईपर्यंत शांतपणे ऐकलं. समीक्षा एका वाक्यात आली : "वाजवणं बरं हाय पोरांनो, पण गाणं सुरू होतंय होतंय म्हणेस्तोवर संपतंय की." पुढे कऱ्हाडपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. अल्बमवर लिहिलेलं मी नंतर बरंच वाचलं. याहून नेमकं कोणी लिहिलेलं नाही.

कोगनोळीला कर्नाटकच्या हद्दीवर पोलिसांनी गाडी बाजूला घेतली. गिटारवाला जिला मांडीवर घेऊन झोपतो ती चपटी पेटी उघडायला लावली. आत एका फळीवर ओळीने बसवलेले सात-आठ लोखंडी डबे, वायरींचं जंजाळ आणि एक लाल दिवा उगाचच लुकलुकणारा. हवालदार दोन पावलं मागे सरकले. निपाणीकडचे असावेत, मराठीतच विचारलं, "हे काय हाय?"

"पेडल आहेत. हे डिस्टॉर्शन."

"म्हंजे?"

गिटारवाल्याने खरं ते सांगितलं. "गिटारचा आवाज खराब करतं."

"केवढ्याला?"

"अठरा हजार."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. जबाबदार माणूस म्हणून त्या दौऱ्यात माझा उपयोग झाला तो या एका क्षणी. मी मान खाली घातली. "न्या," ते हळहळून म्हणाले, "पण घरी सांगितलंय का?"

दावणगेऱ्याला लोणी डोसा खाल्ला. मी आत्मविश्वासाने 'एष्टु' विचारलं, त्यावर मिळालेलं उत्तर मला कळलं नाही आणि इंजिनिअरने फोनवरून पैसे दिले. पुढे चित्रदुर्गच्या पवनचक्क्या आल्या, त्या पाहायला जागा मी एकटाच होतो.

बंगळुरूत आमचं नातेवाईक कोणी नाही, म्हणून मला धाकधूक होती. तर तिकिटं काढून आलेली माणसं शंभरावर! सहाव्या गाण्याचं दुसरं कडवं भाचा साफ विसरला. पहिल्या रांगेतल्या दहा-बारा पोरापोरींनी, ज्यांना आमच्यापैकी कोणी कधी पाहिलेलं नव्हतं, ते त्याच्याकडे बघत म्हणून टाकलं. भाचा इतका चकित झाला की तिसरं कडवंही त्यांनीच म्हटलं. शेवटी "वन्स मोअर" आला तेव्हा त्यांनी नेमकं सातवं वाजवलं. एकेक कान महत्त्वाचा.

रात्री एकच्या सुमारास टेम्पोच्या मागच्या दारात हिशोब झाला. डिझेल, टोल, इंजिनिअरचे पैसे, राहणं-खाणं, टी-शर्टची छपाई वजा जाऊन प्रत्येकी दोनशे दहा रुपये उरले. मलाही वाटा मिळाला. ड्रायव्हरकाकांचं भाडं आणि भत्ता आधीच वेगळा काढलेला होता. दौऱ्यात खऱ्या अर्थाने नाईट मिळालेला कलावंत तोच. नोटा दोनदा मोजून त्यांनी खिशात घातल्या आणि भाच्याला विचारलं, "पुढचा अल्बम कवा? आधी सांगून ठेवा, लग्नसराईत गाडी मिळायची न्हाई."