पंच कुठं आहेत?

‘सीआयडी’ मालिकेतले डॉ. साळुंखे प्रेतावर वाकतात, क्षणभर बघतात आणि मृत्यूची वेळ सांगून मोकळे होतात. १९९८ पासून हे चाललंय. मधली काही वर्षं मालिका बंद होती, २०२४ च्या डिसेंबरात ती परत आली आणि सोबत त्याच चुकाही आल्या. माझी तक्रार या चुकांबद्दल आहे.

पहिली चूक वेळेची. मेल्यानंतर दोन-तीन तासांनी पापण्या, जबडा ताठ व्हायला लागतात. साधारण बारा तासांत सगळं अंग ताठतं आणि पुढं ते सैल पडत जातं. उन्हाळ्यात हे सगळं लवकर उरकतं. आमच्या देगलूरच्या मे महिन्यातलं प्रेत आणि डिसेंबरातलं प्रेत एकसारखं बोलत नाही. म्हणून खरा डॉक्टर ‘अमुक ते अमुक तासांपूर्वी’ असं लिहितो. मिनिटाचा हिशेब कुणालाच देता येत नाही.

दुसरी चूक, साळुंखे एकटेच सगळं करतात. आमच्याकडं शवविच्छेदन उपजिल्हा रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी करतो. व्हिसेरा, म्हणजे अवयवांचे नमुने, नांदेडच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. बोटांचे ठसे तिथं जातच नाहीत, त्यासाठी अंगुली मुद्रा केंद्र वेगळं आहे. तपासाचंही तसंच, राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे. मुंबईतल्या खुनाचा तपास एरवी तिथलं पोलीस ठाणं आणि गुन्हे शाखा करते.

तिसरी चूक मला सगळ्यांत जास्त खटकते. मालिकेत जप्तीच्या वेळी पंच, म्हणजे तिऱ्हाईत साक्षीदार, दिसत नाहीत. अधिकारी वस्तू उचलतो, प्लास्टिकच्या पिशवीत टाकतो आणि निघतो. खऱ्या कामात, व्हिसेराचंच बघा, जठर, आतड्याचा तुकडा, यकृताचा भाग, मूत्रपिंडाचे अर्धे भाग बरण्यांत ठेवतात आणि वरून मिठाचं संपृक्त द्रावण ओततात. वायू साचतो म्हणून बरणी काठोकाठ भरत नाहीत. त्याच द्रावणाचा नमुना वेगळ्या बाटलीत पाठवतात, म्हणजे विष मिठातच होतं असं उद्या कुणी म्हणू नये. झाकणावर लाखेचा शिक्का बसतो, मुद्देमालाची नोंद होते आणि शिपाई त्या बरण्या पोचवून पावती आणतो. पुरावा टिकतो तो या शिक्क्यांवर आणि नोंदींवर. मालिकेत नेमकं हेच गाळलेलं असतं.

चौथी चूक शेवटच्या पाच मिनिटांत होते. एक थप्पड बसते, आरोपी कबुली देतो आणि भाग संपतो. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हे होतं, नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे.

करमणूकच आहे, सोडून द्या, असं लोक मला सांगतात. मी सोडत नाही, कारण याची किंमत इथली माणसं मोजतात. फवारणी करताना एखादा शेतकरी दगावतो. अपघात ठरला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळतात, आत्महत्या ठरली तर त्या योजनेतून काही मिळत नाही. डॉक्टर लिहितो, ‘व्हिसेरा राखून ठेवला, मत राखीव.’ प्रयोगशाळेचा रासायनिक विश्लेषणाचा, म्हणजे सी.ए. रिपोर्ट यायला महिने जातात. टीव्हीवर लगेच कळतं, मग इथंच का थांबायचं, असं घरच्यांना वाटतं. ‘मत राखीव’ म्हणजे काहीतरी दाबलंय असा अर्थ लागतो आणि नियमानं वागलेल्या डॉक्टरवर, शिपायावर संशय येतो. शेवटी रिपोर्ट येतो तेव्हा त्यात कीटकनाशक कुठलं होतं ते असतं. ते फवारणीत अंगात गेलं की मुद्दाम घेतलं, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. ते पंचनाम्यातून आणि जबाबांतूनच शोधावं लागतं. म्हणून पंचनामा नीट झाला का, हे घरच्यांनी त्याच दिवशी विचारायला हवं. मालिकेनं त्यांना विचारायला शिकवलंय फक्त रिपोर्टबद्दल.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं बंधनकारक केलंय, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. हे तज्ज्ञ आमच्या गल्लीतही येतील. त्यांच्याकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे लोकांना ठाऊक असायला हवं. मालिकेतल्या दयानं दार तोडायला माझी हरकत नाही. आत गेल्यावर दोन पंच बोलवा, पंचनामा लिहा, लाख वितळवा. दोन मिनिटांचं दृश्य आहे, आणि तेवढं दाखवलं तरी देगलूरच्या एखाद्या घराला योग्य प्रश्न योग्य वेळी विचारता येईल.